खुल्या संग्रहालयात छपराखाली

खुल्या हवेतलं संग्रहालय काढायचं आर्टुर हाझेलियुस नावाच्या स्वीडिश गृहस्थाच्या डोक्यात आलं आणि १८९१ साली त्याने स्टॉकहोममध्ये ‘स्कान्सेन’ उभं केलं. गावोगावची जुनी घरं सोडवून आणायची, ती पुन्हा बांधायची, आत जुन्या पोशाखातली माणसं ठेवायची आणि बघणाऱ्यांना बाहेर उघड्यावर हिंडवायचं. ज्या देशात वर्षातले कितीतरी महिने खिडकी उघडायची सोय नाही, तिथल्याच माणसाला हे सुचावं यात काहीतरी सूड आहे असं मला वाटतं. पुढे ही लागण युरोपभर झाली. इंग्लंडात तर फारच. कारण तिथे पाऊस आहे.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालो. म्हणजे माझं सगळं आयुष्य पत्र्याच्या शेडखाली, जाळीच्या खिडकीमागे, रॅकच्या सावलीत गेलं. उघड्यावर ठेवलेल्या मालाला गंज चढतो हे मला अनुभवाने पाठ आहे. हाच नियम माझ्या गुडघ्यांनाही लागू पडतो, असं मी आमच्या लेकीला, अनघाला, तिच्याकडे बर्मिंगहॅमला पोचल्यापासून सांगत होतो. पण तिने आणि जावयांनी ठरवूनच टाकलं होतं. “बाबा, तुम्हाला आवडेल असंच ठिकाण आहे. सगळं लोखंडाचं.”

ठिकाण म्हणजे डडली गावातलं ‘ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम’. बर्मिंगहॅमच्या वायव्येला डडली, वॉल्सॉल, सँडवेल, वुल्व्हरहॅम्प्टन हा जो पट्टा आहे, त्यात एकोणिसाव्या शतकात इतका कोळसा निघत होता आणि इतकं लोखंड वितळत होतं की दिवसा धुराने काही दिसायचं नाही आणि रात्री भट्ट्यांमुळे सगळंच दिसायचं. खिळे, साखळ्या, कुलपं, नांगर, काच, प्राण्यांचे सापळे. जगात जे जे जड, टोकदार किंवा अडकवणारं आहे, ते इथे बनत होतं. पुढे हे सगळं बंद पडायला लागलं, तेव्हा काही शहाण्यांनी उरलेल्या इमारती वीट-वीट सोडवून एका जागी आणल्या. १९७८ पासून लोक त्या बघायला येतात. जागा सव्वीस एकर, म्हणजे आमच्या कंपनीच्या एक नंबरच्या गेटपासून पेंट शॉपपर्यंत. आणि त्या सव्वीस एकरांवर त्या दिवशी समान पाऊस पडत होता.

ही कोविडच्या आधीची गोष्ट आहे. तारीख ऑक्टोबरातली. माझ्या अंगावर थर्मल, स्वेटर, जावयांचा नेव्ही ब्लू रेनकोट आणि डोक्यावर माकडटोपी. आमची ही मात्र साडीवर जाकीट घालून, छत्री उघडून, फुलराणीच्या उत्साहाने पुढे. नातू ओम तिच्याही पुढे. जावईबापूंना ‘पीकी ब्लाइंडर्स’ मालिकेचं चित्रीकरण जिथे झालं त्या कालव्याकाठी फोटो काढायचे होते, त्यासाठी त्यांनी घरूनच सपाट टोपी आणली होती. मी फाटकातच धोरण जाहीर केलं. “मी छपराखालून छपराखाली जाणार. मधलं तुम्ही बघा आणि मला सांगा.”

“अहो, पण म्युझियमच उघड्यावरचं आहे!” ही म्हणाली.

“म्हणूनच.”

पहिलं छप्पर मी मोठ्या हुशारीने निवडलं. कोळशाची खाण. जमिनीखाली पाऊस येत नाही हा माझा हिशेब. डोक्यावर हेल्मेट चढलं, त्याखाली माकडटोपी राहू दिली, आणि आमची तुकडी अंधारात शिरली. वाटाड्याने सांगितलं की इथला कोळशाचा थर तीस फूट जाड होता, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा, सबंध ब्रिटनमधला सर्वांत जाड. खाणवाल्यांनी तो काढला आणि वरच्या लोकांची घरं खाली बसायला लागली. त्यातलं एक तिरकं झालेलं घर त्यांनी इथे आणून तिरकंच बांधलंय. मी हे ऐकून हिला कोपराने खुणावणार, तेवढ्यात छत संपलं. म्हणजे छत होतं, उंची संपली होती. तुकडीतल्या सगळ्यांनी वाकून घेतलं. मी आयुष्यभर ‘हेड रूम कमी, सावधान’ असे फलक स्वतः रंगवून लावलेले असल्यामुळे वाकलो नाही. हेल्मेट होतं म्हणून आज लिहितोय. वाटाड्या थांबला, दिवा माझ्या तोंडावर धरला आणि काहीतरी आपुलकीचं बोलला. मी ‘येस येस’ म्हणालो. नंतर अनघाने सांगितलं की तो विचारत होता, “या माणसाला परत पाठवू का?”

१८४२ च्या कायद्याने बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायची बंदी झाली, हे त्याने पुढे सांगितलं. स्टोअरकीपरांना बंदी कधी झाली ते मात्र बोलला नाही.

बाहेर आल्यावर पाऊस जास्त होता. समोर शाळा दिसली. सेंट जेम्स शाळा, १८४२ चीच, ईव्ह हिल भागातून उचलून आणलेली. आत शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीचा वर्ग भरणार होता. ओमला बसायचं होतं, मला छप्पर हवं होतं, आमचं जमलं. बाक लहान मुलांच्या मापाचे. मी शिरताना शिरलो, पण गुडघे डेस्कखाली अडकले आणि मग निघण्याचा प्रश्नच मिटला. लांब काळा झगा घातलेल्या बाई आल्या. सगळ्यांनी उठून नमस्कार केला. मी अर्धवट उठलो, डेस्क माझ्याबरोबर उठलं. बाईंनी बघितलं. इथपर्यंत ठीक होतं. पण मग त्यांनी एका मुलीला पाढा विचारला, ती अडखळली, आणि माझ्यातला जिल्हा परिषदेच्या शाळेतला विद्यार्थी कित्येक वर्षांनी जागा झाला. मी मागून उत्तर सांगितलं. बाईंनी विचारलं, “कोण बोललं?” ओमने ताबडतोब माझ्याकडे बोट केलं. रक्ताचं नातं इंग्लंडच्या पाण्यात किती टिकतं ते तेव्हा कळलं.

मला भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभं करण्यात आलं. वर्ग खुशीत हसला. गंमत म्हणून चाललंय हे मलाही समजत होतं, तरी कान गरम झालेच. पण एक सांगतो, तो कोपरा दारापासून लांब होता आणि तिथे वारा अजिबात लागत नव्हता. तास संपला, बाईंनी मला सोडलं, तरी मी जरा रेंगाळलो.

तिसऱ्या छपराखाली जायला रांग होती. लोक इतक्या पावसात शांतपणे कशासाठी उभे आहेत हे मी विचारलं नाही. रांगेचा पुढचा भाग छपराखाली आहे एवढं पाहिलं आणि उभा राहिलो. हळूहळू पुढे सरकलो. तळणीचा असा वास येत होता की सकाळपासूनची सगळी मानहानी विसरायला झाली. बटाटे, गरम तेल, व्हिनेगर. ते दुकान माशांचं आणि बटाट्याच्या कापांचं. आता काउंटर दोन माणसांवर आलं होतं, खिशातले पौंड मुठीत होते, आणि अनघा धावत आली. “बाबा, थांबा! इथे जुन्या पद्धतीने तळतात. गाईच्या चरबीत.”

आमच्या घरात एकादशीला साबुदाणा कुठल्या तुपात परतला यावर चर्चा होते. मी रांगेतून बाहेर पडलो. माझ्या मागचा माणूस इतका आनंदला की त्याने मला थँक्यू म्हटलं. ही छत्रीतून बघत होती. “वास छान येत होता नाही?” एवढंच म्हणाली. तेवढ्यासाठी तिला मी आजही माफ केलेलं नाही.

हिचं स्वतःचं मात्र उत्तम चाललं होतं. क्रॅडली हीथ गावातून आणलेली कामगारांची एक इमारत आहे तिथे, वर्कर्स इन्स्टिट्यूट. ही तिथे शिरली ती बाहेर यायला तयार नाही. मीही गेलो, अर्थातच छपरासाठी. आणि तिथे भिंतीवर जे वाचलं त्यात स्टोअरवाल्याची नजर अडकली.

क्रॅडली हीथच्या बायका परसातल्या छोट्या भट्टीवर साखळ्या घडवायच्या. स्वयंपाक, मूल पाळण्यात, आणि हातात हातोडा. आठवड्याला पन्नासहून जास्त तास ऐरणीपुढे, आणि हातात यायचे साधारण पाच शिलिंग. १९०९ च्या कायद्याने किमान दर ठरवायला मंडळ बसलं. त्याने तासाला अडीच पेन्स ठरवले, म्हणजे चोपन्न तासांचे अकरा शिलिंग तीन पेन्स. दुपटीहून जास्त. मग मालकांनी काय करावं? एक कागद काढला. त्यावर अंगठा किंवा सही केली की सहा महिने जुन्याच दराने काम करायला तुमची हरकत नाही असं ठरणार. पुष्कळ बायकांना वाचता येत नव्हतं. कागद कशाचा हे कोणी सांगितलं नाही.

मी तो मजकूर पुन्हा वाचला. ‘इथे सही करा’ म्हणून कागद सरकवण्यात माझी हयात गेली आहे. वाचायला वेळ मागणाऱ्या माणसाचा मला नेहमी राग यायचा.

मेरी मॅकार्थर नावाची ग्लासगोची बाई पुढे झाली. १९१० च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत दहा आठवडे या बायकांनी हातोडा खाली ठेवला. संपात एकोणऐंशी वर्षांच्या पेशन्स राउंड आजीबाईही होत्या. मॅकार्थरबाईंनी तेव्हा नवीनच आलेल्या चलत्चित्रांच्या बातम्यांमधून हे सगळं गावोगावी दाखवलं आणि पैसे जमवले. संप जिंकला. आणि त्यानंतर जी गोष्ट घडली ती मी आमच्या युनियनच्या खजिनदाराला कळवणार होतो: निधीत पैसे उरले. त्या उरलेल्या पैशांतून ही इमारत बांधली, १९१२ साली. पुढे रस्ता रुंद करायचा म्हणून ती पाडणार होते, तेव्हा ती सोडवून २००६ साली इथे आणली.

“बघा,” ही म्हणाली. “बायकांच्या हातात हिशेब होता म्हणून उरले.”

मी म्हणालो, आपण पुढे जाऊ या.

पुढे म्हणजे रोल्फ स्ट्रीट बाथ्स. हे स्मेथिकमधलं सार्वजनिक स्नानगृह, १८८८ सालचं. घराघरात नळ नसलेल्या कामगारांनी येऊन अंग धुवावं, पोहावं म्हणून बांधलेलं. तेही विटांनिशी इथे आलेलं. आत तेव्हा पाणी नव्हतं, प्रदर्शन होतं. या पट्ट्यात जे जे बनत होतं त्यातलं निवडक, दिव्याखाली, छपराखाली, भिंतींच्या आत. ब्रिटनमध्ये मी पाहिलेली ही एकमेव कोरडी जागा, आणि ती स्नानगृह निघावी!

इथे मात्र मी माणसात आलो. बाहेर सगळीकडे जुना काळ चालता-बोलता होता. दुकानदार हाका मारतो, बाई रागावतात, वाटाड्या दिवा दाखवतो. आपण प्रत्येक ठिकाणी काहीतरी उत्तर द्यायचं. इथे वस्तू गप्प होत्या. रांगेत मांडलेल्या, शेजारी चिठ्ठी लावलेल्या. मी माकडटोपी काढली. हे माझं स्टोअर होतं. साखळ्या, त्यांचे नमुने मापाप्रमाणे. कुलपं. ओतीव भांडी. काचसामान. मी खिशातून डायरी काढली, चष्मा नाकाच्या टोकावर घेतला आणि एका टोकापासून मोजायला सुरुवात केली. का, ते विचारू नका. माणूस निवृत्त होतो, हात होत नाहीत. चिठ्ठी आणि वस्तू जुळते का हे पाहायचं, जुळली की बरोबरची खूण. सगळं जुळत होतं. इतकं व्यवस्थित स्टोअर पाहून मला थोडा हेवा वाटला.

नेव्ही ब्लू रेनकोट, हातात डायरी, पेन, नाकावर चष्मा, आणि वस्तूंकडे संशयाने बघणारा माणूस. यातून लोकांचा काय समज होईल हे मला सुचलं नाही. एक बाई आल्या आणि त्यांनी मला स्वच्छतागृह कुठे ते विचारलं. मी सांगितलं. मला ते माहीत होतं, सकाळपासून मी छप्पर असलेली प्रत्येक जागा हेरून ठेवली होती. मग एक जोडपं आलं, त्यांनी कॅफेची वेळ विचारली. मी अदमासाने सांगितली. मग एक म्हातारबुवा आले.

उंच, किंचित वाकलेले, सपाट टोपी, दोन्ही हात मागे. माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि समोरच्या वस्तूकडे बघत मला काहीतरी विचारलं. त्यांचं इंग्रजी डडलीचं, माझं परचेस ऑर्डरचं. “विथ रेफरन्स टू युवर लेटर” इथपर्यंत मी कोणाशीही बोलू शकतो, पण ते सरळ बोलत नव्हते. तरी बोटावरून प्रश्न कळला. समोर जहाजाच्या नांगराच्या साखळीची एक सुटी कडी होती. पोळपाटाएवढी लांब, मनगटाएवढ्या जाड गजाची, आणि तिच्या बरोबर मधोमध आडवी दांडी. ते विचारत होते: ही दांडी कशासाठी?

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी साखळ्या दिल्या आणि घेतल्या. चेन पुली ब्लॉकच्या, क्रेनच्या, गेटच्या. कुठल्या मापाची मीटरला किती किलो भरते हे झोपेतही सांगेन. पण कडी अशी का आणि तशी का, हा प्रश्न मेंटेनन्सचा. तो माझ्या खिडकीपर्यंत कधी आलाच नाही. ‘माहीत नाही’ म्हणणं सोपं होतं. पण हातात डायरी होती.

“फॉर लिफ्टिंग,” मी म्हणालो. “हँडल. वर्कर होल्ड्स हिअर.” आणि हवेत कडी उचलून दाखवली.

म्हातारबुवांनी माझ्याकडे पाहिलं. मग कडीकडे. मग पुन्हा माझ्याकडे, जरा जास्त वेळ. मी आणखी माहिती पुरवली. दांडीमुळे मोजायलाही सोपं जातं. एका कडीला एक दांडी, दांड्या मोजल्या की कड्या कळतात. स्टॉक टेकिंगला बरं.

ते अतिशय सभ्य होते. त्यांनी आधी टोपी काढली, मग स्वतःची दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली आणि ओढून दाखवली. ताण आला की कडी लांबत जाते, बाजू आत दबतात. दांडी त्या बाजूंना दूर धरून ठेवते. शिवाय साखळी पेटीत गोळा होताना कड्या उलट्यासुलट्या एकमेकींत शिरून गाठ बसते, ती दांडी बसू देत नाही. नांगर टाकताना समुद्रात गाठ बसली तर जहाज गेलं. हे सगळं त्यांनी बोटांनी सांगितलं, आणि मला शब्दही न कळता पूर्ण कळलं. त्यांच्या हातांवर जागोजागी छोटे पांढरे डाग होते. ठिणग्यांचे. असे डाग मी रोज खिडकीतून आत आलेल्या हातांवर पाहिले होते. ते कशाने पडतात हे विचारलं नव्हतं.

तेवढ्यात अनघा पोचली आणि दुभाषी झाली. म्हातारबुवा जन्मभर साखळीच्या कारखान्यात होते. त्यांचे वडीलही. ‘टायटॅनिक’चा मधला नांगर इथून जवळच नेदर्टनला, नोआ हिंगली कंपनीत १९११ साली बनला. साधारण सोळा टन. तो डडली स्टेशनापर्यंत न्यायला गाडीला वीस घोडे जुंपले होते. ही गोष्ट त्यांनी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की घोडे स्वतः पाहिल्याच्या थाटात सांगितली.

“एवढा माल बाहेर काढायचा,” मी अनघाला म्हणालो, “तर गेटपासवर सही कोणाची होती, विचार त्यांना.”

तिने विचारलं. म्हातारबुवा वळले. डोळे बारीक झाले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि तो मला थेट समजला: “व्हिच डिपार्टमेंट, यू?”

“स्टोअर्स,” मी अभिमानाने सांगितलं.

कारखाना पिंपरीचा असो नाहीतर डडलीचा, हा शब्द ऐकल्यावर शॉप फ्लोअरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते एकच. मी ते लगेच ओळखलं. इतका वेळ मला हळुवारपणे शिकवणारा माणूस नाहीसा झाला आणि जाळीच्या पलीकडे उभा राहून टेबलावर हात आपटणारा माणूस समोर आला. त्यांनी सुरुवातच केली. तरुणपणी त्यांनी कारखान्याच्या स्टोअरमध्ये हातमोजे मागितले होते. जुने फाटून भट्टीत पडले होते. स्टोअरवाला म्हणाला, जुने जमा करा, मग नवे मिळतील. हे म्हणाले, जुने जळले. तो म्हणाला, राख आणा.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

अनघाने भाषांतर करायचं टाळलं. पण माझी मान हलली होती आणि ती त्यांनी पाहिली. ते तावातावाने बोलू लागले. मीही मागे हटलो नाही. जुना परत, मग नवा इश्यू, हा नियम का असतो? कारण नाहीतर प्रत्येक माणूस हातमोजे घरी नेतो, बायको त्यांनी तवा उचलते, मुलं ते घालून यष्टिरक्षक होतात. महिन्याला किती जोड्या जातात याचा हिशेब कोणाला द्यायचा असतो? स्टोअरकीपरला! मी हे मराठी, हिंदी आणि परचेस ऑर्डरचं इंग्रजी अशा मिश्रणात, हातवाऱ्यांसकट सांगत होतो. ते डडलीच्या भाषेत. कोणाचं कोणाला कळत नव्हतं आणि भांडण उत्तम चाललं होतं. लोक थांबून ऐकायला लागले. काहींना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा, एका मुलाने टाळी वाजवली.

तेवढ्यात छत्री निथळत ही आत आली. “काय झालं?”

अनघाने सांगितलं. मला वाटलं होतं, चाळीस वर्षांचा संसार आहे, बाजू घेईल. हिने जाकिटाची चेन उघडली, म्हातारबुवांसमोर उभी राहिली आणि शांतपणे बोलायला लागली. अनघा भाषांतर करत होती, या वेळी एक शब्द न गाळता. की आमच्या घरी नवी साबणवडी हवी असेल तर जुनीचा तुकडा दाखवावा लागतो. की टूथब्रश बदलायचा असेल तर जुन्याचे केस वाकलेत का ते हे चष्मा लावून बघतात. की एकदा माझा गॅसची शेगडी पेटवायचा लायटर हरवला, तर यांनी दोन आठवडे मला काड्यापेटी वापरायला लावली, कारण जुना ‘जमा’ झाला नव्हता.

म्हातारबुवांनी टोपी छातीशी धरली आणि हिच्याशी हस्तांदोलन केलं. माझ्याशी नाही.

मग ते म्हणाले की तुम्ही माझ्याबरोबर चला, साखळी कशी बनते ते तिकडे दाखवतात. हे त्यांनी हिला सांगितलं. मला कोणी विचारलं नाही. बाहेर पाऊस सरळ पडायचा सोडून आडवा यायला लागला होता. मी म्हणालो, इथे अजून अर्धा माल तपासायचा आहे. ओमने माझा हात धरून ओढलं. धोरण तिथे संपलं. छपराखालून छपराखाली जाणारा माणूस भर पावसात, नांगराच्या साखळ्यांच्या कारखान्यातल्या माणसामागून, बायको-मुलगी-नातवासह निघाला. चष्म्यावर पाणी, बुटांत पाणी, डायरीतल्या सगळ्या बरोबरच्या खुणा पसरून एक झाल्या.

साखळी घडवायची जागा म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि आत भट्टी. मी सगळ्यात आधी शिरलो आणि भट्टीच्या जवळात जवळची जागा पकडली. कारागीर तरुण होता. त्याने गज तापवला, कापला, ऐरणीवर वाकवला, आधीच्या कडीत ओवला, मग टोकं चपटी करून एकावर एक घेतली आणि पुन्हा आगीत घातलं. रंग पांढुरका होईपर्यंत थांबला. बाहेर काढला आणि मारायला लागला. सांधा बसला आणि कुठे होता तेही दिसेना. वेल्डिंग रॉड नाही, ग्राइंडर नाही. म्हातारबुवा प्रत्येक घावाला ओठ हलवत होते. बहुधा मोजत होते. एका घावाला त्यांनी तोंड वाकडं केलं आणि त्या मुलाने, त्यांच्याकडे न बघताच, तिथे आणखी एक मारला.

मी पहिल्यांदाच साखळी बनताना पाहत होतो. इतकी वर्षं ती माझ्याकडे बनूनच यायची, ग्रीस लावून, पोत्यात, वजन करून.

काम झालं. कारागिराने चिमट्यात लालसर कडी धरून सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, कोणाला काही विचारायचंय का? लहान मुलांनी हात वर केले. मीही केला. माझी उंची जास्त असल्यामुळे त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“मीटरला किती किलो?” मी विचारलं.

क्षणभर कोणी बोललं नाही. मग म्हातारबुवा पुढे झुकले आणि कारागिराला त्यांच्या डडलीच्या भाषेत एक छोटंसं वाक्य बोलले. तो मुलगा इतका हसला की चिमट्यातली कडी पडता पडता राहिली. भोवतालचे सगळे हसले. जावईबापू कालव्यावरून नुकतेच आले होते, तेही हसले. ओम तर जमिनीवर बसला.

ते वाक्य काय होतं ते अनघा मला आजतागायत सांगत नाही. हिला सांगितलंय. ही अधूनमधून स्वयंपाकघरात एकटीच हसते, आणि मी विचारलं की म्हणते, “आधी जुनं जमा करा.”